गुरुवारचे वाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय फ्रेडरिक लोपीस सर; प्रमुख पाहुण्या, मुलांच्या डॉक्टर अक्षदाताई; व्यासपीठावर बसलेले ‘श्रमसाफल्य’ सोसायटीचे आजी पदाधिकारी आणि दाराशी पंख्याविना उभे असलेले माजी पदाधिकारी; फुलपाड्यातल्या माता-भगिनींनो, बंधूंनो; पुढे सतरंजीवर बसून मघापासून एकमेकींच्या वेण्या ओढणाऱ्या बालमैत्रिणींनो; आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या बालवाडीच्या बाई, श्रीमती आशालता चुरी. आपणां सर्वांना सदानंद गावडेचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे नुसता विषय लिहून खाली रेघ मारायलाही पुरत नाहीत. तेव्हा सरांनी घंटी जरा लांब ठेवावी, ही विनंती.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या कार्याचा गौरव केला. बोळींजच्या वाडीतून रोज सकाळी बस पकडून रेल्वेच्या या बाजूला यायचं, सोसायटीच्या एका खोलीत बावीस पोरं सांभाळायची, आणि हे चौदा वर्षं. ते सगळं खरं आहे. पण मानपत्रात एक गोष्ट आलेली नाही. ती आली नाही, कारण मानपत्राचा मसुदा मीच केला आहे. म्हणून ती तोंडी सांगतो.

साल पंच्याण्णव. मी या सोसायटीचा सेक्रेटरी. माझी मुलगी क्षितिजा साडेतीन वर्षांची, बाईंच्या बालवाडीत. आता बघा, हौसेनं नाव ठेवलं क्षितिजा. मुलीनं जन्मात पहिलं अक्षर काढायचं ते ‘क्ष’! ठेवताना विचार केला का? नाही केला. माझं स्वतःचं अक्षर बरं. कचेरीत साहेबांच्या निरोपाचं मानपत्र असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, गावडेला बोलवा. त्यामुळे माझ्या मुलीनं शाळेत जायच्या आधीच नाव लिहिलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं होतं. शिवाय मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलाला लिहायला सांगतात, असं तेव्हा आमच्या जिन्यात रोज कुणीतरी सांगायचं.

आणि बाईंकडे काय? पाटी नाही, पेन्सिल नाही, वही तर नाहीच. एका पत्र्याच्या ट्रेमध्ये अर्नाळ्याची वाळू. पोरं त्यात बोटं फिरवतायत. पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाची अक्षरं चिकटवलेली, त्यावरून डोळे मिटून बोट न्यायचं. चिंचोके मांडून ‘ग’ करायचा. मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवायच्या. आणि दर गुरुवारी, लक्ष देऊन ऐका, दर गुरुवारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि पोरांनी ते सोलायचे.

वसईच्या माणसाला वालाचं बिरडं किती प्रिय आहे हे मी सांगायला नको. आणि वाल सोलणं हे किती कंटाळवाणं काम आहे, हे ज्यांच्या घरात बिरडं होतं त्यांनाही सांगायला नको. एका गुरुवारी मी रजेवर होतो. बाई सोललेल्या वालाचा भला मोठा डबा पिशवीत घालून बसला निघाल्या, तो मी गच्चीतून पाहिला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई आपल्या घरचा स्वयंपाक आमच्या पोरांकडून करून घेतात!

आता हसताय. तेव्हा कुणी हसलं नाही. मी अर्ज लिहिला, उत्तम अक्षरात. ‘बालकांकडून घरकाम करून घेणे व अक्षरओळखीकडे दुर्लक्ष करणे’ असा विषय, खाली रेघ. सतरा सह्या घेतल्या. त्यातल्या नऊ जणांनी आज इथे हार आणले आहेत, मी नावं घेत नाही.

सह्या झाल्यावर मला वाटलं, पुरावाही हवा. पुढच्या गुरुवारी पुन्हा रजा टाकली आणि थेट वर्गात गेलो. पोरं परातीभोवती गोल बसलेली. चिमटीत वाल धरायचा, हलकेच दाबायचा, की आतला दाणा टुपकन बाहेर. सोललेल्या वालाला आपण डाळिंबी म्हणतो. एकेकाच्या वाटीत अख्ख्या डाळिंब्या जमत होत्या. फक्त एका मुलीच्या वाटीत चुरा होता. ती माझी.

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, बसा सेक्रेटरीसाहेब, थोडे तुम्हीही सोला. मी पँट सावरत बसलो. पहिला वाल फुटला. दुसरा फुटला. तिसरा उडून पलीकडच्या मुलाच्या कपाळावर. पोरं खिदळली. मग बाईंनी आवाज खाली आणून मला एकच विचारलं, “घरी तिचा हात धरून कोण लिहवतं?”

मी मान खाली घालून चौथा वाल उचलला. कारण सहा महिने रोज संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन, तिची मूठ माझ्या मुठीत धरून, ‘क्ष’ गिरवून घेत होतो. बाई पुढे म्हणाल्या, “ती पेन्सिल दिसली की हात फ्रॉकखाली लपवते. वाल हातात घेते तोही असा, की कुणी हिसकावून नेईल. तिचा हात थोडे दिवस सोडा हो.”

मी तेव्हाच अर्ज फाडायला हवा होता, नाही का? सभागृहात अनेक जण मान हलवतायत. मी नाही फाडला. सतरा जणांपुढे कसं तोंड दाखवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न. रविवारी सभा झाली, मी अर्ज वाचून दाखवला, बाई कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या, आणि महिनाअखेर खोली रिकामी करावी असा ठराव झाला. मी जे पाहिलं होतं त्यातलं एक अक्षर बोललो नाही. बाईही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की वाळूचा ट्रे जड आहे, तो उचलायला कुणी मिळेल का.

ट्रे उचलला तो शेजारच्या चाळीतल्या कॅथरिनताईंनी. शिवणकाम करायच्या. त्या आज हयात नाहीत, पण त्यांचं स्मरण केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या म्हणाल्या, “माझ्या ओटीवर बसवा पोरांना, पानी मी देते.” बावीसपैकी नऊ मुलं त्या ओटीवर गेली. त्यांत क्षितिजाही होती, कारण आमच्या सौ. सावित्रीनं मला विचारायची गरज मानली नाही. त्याच दिवशी तिनं मला हेही सांगितलं, की गुरुवारच्या डाळिंब्यांची उसळ करून बाई दर शुक्रवारी पोरांनाच खाऊ घालतात. मुलीला तू काय खाल्लंस असं विचारायला मला कधी सवडच झाली नव्हती.

घरी मी हात धरणं सोडलं. मनात भीती होती ती वेगळीच. अर्जाची नव्हे. मुलीनं हात लपवायचा तो कायमचाच लपवला तर?

तीन महिन्यांनी एका शनिवारी मी तिला आणायला गेलो. कॅथरिनताईंच्या अंगणात कपडे धुवायचा काळा दगड होता. क्षितिजा त्यापुढे उकिडवी बसलेली, शेजारी तांब्या. पाण्यात बोट बुडवून दगडावर काहीतरी काढत होती. काढायची, उन्हानं ते वाळून जायचं, पुन्हा काढायची. चुकलेलं कुणी बघायच्या आत नाहीसं. मी जवळ गेलो. तो ‘क्ष’ होता. वाकडा, पोट सुटलेला, शेपटी भलतीकडे. पण ‘क्ष’.

आणि माझा हात पुढे गेला. शेपटी नीट करायला हो, दुसरं काय! बाईंनी काही न बोलता त्या हातात वालाची वाटी ठेवली. मी तिथेच पायरीवर बसून सोलत राहिलो. डोळ्यांपुढे वाल नीट दिसत नव्हते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पुढे बाई सोसायटीच्या त्या खोलीत परत आल्या. मानपत्रात लिहिलंय, ‘तत्कालीन सचिवांच्या पुढाकाराने’. सोसायटीच्या इतिवृत्तातही तसंच आहे. का? कारण इतिवृत्त मीच लिहीत होतो. खरं असं, की ठराव मांडला सावित्रीनं आणि इतर आठ घरांतल्या बायकांनी. मी नुसतं अनुमोदन दिलं, तेही सावित्री माझ्याकडे बघत होती म्हणून. अध्यक्ष महाराज, ही दुरुस्ती आजच्या तारखेनं नोंदवून घ्यावी.

क्षितिजा यंदा दहावीची परीक्षा देऊन बसली आहे. तिचं अक्षर माझ्यासारखं नाही. उजवीकडे झुकतं, ओळ सोडून चढतं. आठवडाभरापूर्वी मी तिला म्हटलं, मानपत्र तू लिही. तिनं लिहिलं. बाईंच्या हातात आहे ते तिचंच अक्षर आहे, आणि मी त्यात एक वेलांटीही दुरुस्त केलेली नाही. हे मला किती जड गेलं, ते सावित्रीला ठाऊक आहे.

बाई, या बारा वर्षांत तुम्ही त्या अर्जाचा एकदाही उल्लेख केला नाहीत. दर दिवाळीला वाडीतली केळी मात्र आमच्या घरी आली. तुमचे आभार कसे मानायचे हे मला कारकुनी भाषेत जमत नाही. माझ्या मुलीचा हात तुम्ही मोकळा केलात, आणि माझाही.

सरांची घंटी वाजली, आवरतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, माझं ऐकून घेणाऱ्या आपणां सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं उदार मनानं पोटात घालावं. सतरा सह्यांच्या त्या कागदाची क्षमा मात्र सभागृहाकडे मागून चालणार नाही. ती बाईंकडेच मागतो, बारा वर्षं उशिरा, आणि सर्वांसमक्ष, कारण अर्जही सर्वांसमक्षच वाचला होता.

जाता जाता एक सूचना. कार्यक्रमानंतर जेवण आहे. जेवणात वालाचं बिरडं आहे. काल दिवसभर बसून ते वाल क्षितिजानं आणि मी सोलले. अख्ख्या डाळिंब्या तिच्या. मोडलेल्या माझ्या. बाई, तुमच्या पानात दोन्ही येतील, सांभाळून घ्या.

नमस्कार.