जनाज्याच्या दिवशीची हातकडी

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील न्यायाधीश, दौंड-शिरूरची वकील मंडळी, आणि ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते विधी सेवा समितीचे ॲडव्होकेट जयसिंग दोरगे साहेब,

मी नाझिया, कासुर्डीची. वकील नाही. साहेबांनी ज्याचा खटला लढवला, त्या अलीमची मोठी बहीण. कैद्याच्या घरच्यांना कधी कुणी माईक देतं का? म्हणून आवाज कापला तर सांभाळून घ्या.

अलीम कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. तिथली केबल चोरल्याच्या आरोपावरून त्याला धरलं. तो आत असतानाच अब्बा गेले. साहेबांनी अर्ज केला आणि कोर्टानं त्याला जनाज्यापुरतं आणायची परवानगी दिली.

गाडी दारात थांबली. अख्खं गाव उभं होतं. अलीम उतरला, हातात बेडी. मी धावत जाऊन माझी ओढणी त्याच्या हातांवर टाकली. दुसरं काय करणार होते?

साहेब पुढे झाले. "हवालदार, हातकडीचा कोर्टाचा आदेश दाखवा."

"आदेश न्हाई, साहेब. पळाला तर आमची नोकरी जाईल."

"बापाच्या जनाज्यातनं पळंल व्हय? आदेश न्हाई तर ती घालायचा हक्कच न्हाई तुम्हाला. काढा."

त्यांनी काढली. पण अलीम हात ओढणीबाहेर काढेना. "ऱ्हाऊ द्या, वकीलसाहेब," म्हणाला, "समद्यांनी बघितलंय आता."

अब्बांना खांदा चुलतभावांनी दिला. अलीम हात झाकून मागून चालत गेला.

संध्याकाळी साहेब घरी आले, खाली मान घालून बसले. म्हणाले, "अर्जात 'हातकडी न घालता' एवढं मागायचं माझ्याकडून राहिलं." त्या दिवसापासून त्यांच्या अशा प्रत्येक अर्जात ते शब्द असतात. आता इथले तरुण वकीलही ते लिहितात. कितीतरी घरांना आमच्यासारखा दिवस बघावा लागला नाही.

अलीम निर्दोष सुटला. पण निकाल वाचायला कोण येतं? गावाला बेडी तेवढी आठवते. तो अजून लग्नाकार्यात पंगतीला बसत नाही.

साहेब, तुमचे आभार मानायचे शब्द माझ्याकडे नाहीत. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर पदरात घ्या.

आणि एक विनंती. अलीम आज आलाय, शेवटच्या रांगेत बसलाय. कृपा करून कुणी मागे वळून पाहू नका.