लुईसच्या लग्नाला हरकत

नाही, फादर, उभीच बरी. ‘मार्गारेटबाय, बसा’ म्हणताय खरं, पण बसले की मी रडणार, आणि मी रडायला आलेली नाही, हरकत घ्यायला आलेय — तुम्हीच नाही का रविवारी मिस्सात नावं वाचलीत, राजोडीचा लुईस आणि होळी गावची बेटी, आणि वर म्हणालात, या लग्नाला कोणाची हरकत असेल त्यानं कळवावं? मग. मी कळवतेय. सख्खी बहीण आहे म्हणून काय झालं — आईच्या माघारी मीच वाढवला ना त्याला, घरात काय पोसलंय ते मला ठाऊक. दारू? छे, दारूला शिवत नाही. दुसरी बाई? फादर, त्याच्या अंगाला जो वास येतो ना, त्या वासाला दुसरी कोण येतेय.

घाणेरडा आहे तो, हीच हरकत. आम्ही केळीवाले, मासे बाजारातून विकत घेऊन खाणारे, आणि हा बँकेत चिकटलेला मुलगा सुट्टीला काय करतो? विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं जुनं दार उतरवलंय, खाली थर्माकोल बांधलाय, त्याला फळी म्हणतो, तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसतो आणि वल्हं मारत लाटांच्या पलीकडे — होडी नाही, जाळं नाही. मागे लांब दोरी, तिच्या टोकाच्या गळाला बोय, आमिषाची छोटी मासळी. जिवंत बोय, ओठातून गळ घातलेली, म्हणजे ती पोहत राहते आणि हा तिला किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडवतो, कुत्रं फिरवल्यासारखा, कधी रावस येऊन गिळतो म्हणून. अर्नाळ्याचे कोळी हसतात. हसू देत. पण जिवंत नाही मिळाली की मेलेली लावायची, आणि ती मेलेली असते कुठे? माझ्या फ्रीजमध्ये. एशियाडला लोकांनी टीव्ही घेतले, आम्ही फ्रीज घेतला, तर त्यात दुधाच्या पातेल्याशेजारी मेलेल्या बोया, डोळे उघडे टाकून. नाताळच्या केकला वास लागला होता — खाल्लात ना तुम्ही? बोलला नाहीत, तुमचा चांगुलपणा.

आणि मेलेलीचं तोंड शिवावं लागतं. हो, शिवावं. उघडं राहिलं तर आत पाणी शिरतं, बोय गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो, आणि रावस काय खुळा आहे, त्याला कळतं. म्हणून गळ पोटातून बाहेर काढायचा, तोंड मिटायचं, दोन टाके घालायचे, तेही फार आवळायचे नाहीत, नाहीतर ओठ फाटतो — शी, सांगतानासुद्धा किळस येते. शनिवारी संध्याकाळी पडवीत बसायचं, हाताला खवलं, नखात रक्त. कोण शिवतं? त्याची बोटं जाड, त्याला कुठे जमतंय. मीच. तीच सुई, हो, वेदीचं कापड शिवते ती — धुते, फादर, लिंबू लावून धुते. मग दुसऱ्या दिवशी मिस्सा झाला, हा पाण्यात गेला, की माडाखाली उभं राहायचं. लांब तो काळा ठिपका. हात वर केला म्हणजे मासा लागला. नाही केला तरी मी उभीच, ऊन डोक्यावर येईस्तोवर. आणि आला की माझं सुरू — फेक ती फळी, जाळून टाक, घराण्याची लाज काढलीस. तो हसतो, पाय धुतो, रावसाचं डोकं माझ्या ताटात घालतो. ऐकतो कुठे. इतकी वर्षं बोंबलतेय, एक शब्द ऐकला नाही माझा.

बेटीला सांगायला हवं? तिला ठाऊक आहे ना. साखरपुडा झाल्यावर आली होती घरी. चांगली मुलगी, नर्स आहे, मी नावं नाही ठेवत. पाणी घ्यायला फ्रीज उघडला. ओरडली नाही, भांडली नाही. नुसता नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, लुईस, शी. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी यानं फळी सोडवली. थर्माकोल उकिरड्यावर, दार पुन्हा मोटारीच्या खोलीला, फ्रीज सोडा घालून पुसला — आतून, स्वतः, शीळ घालत. मी तिथेच उभी होते, फादर. मला म्हणाला, बाय, सुटलीस तू आता.

काय म्हणालात? मग आता हरकत कसली उरली?

तेच ना. बरोबर आहे तुमचं. फळी गेली, वास गेला, दूध दुधासारखं लागतं. तिनं एकदा म्हटलं आणि — मी म्हणते, मी म्हटलं तेव्हा काय झालं होतं त्याला? आणि शनिवारी संध्याकाळी मी पडवीत बसून काय शिवायचं, ते सांगा ना तुम्ही.

नाही. नका सांगू. तुम्हाला काय ठाऊक असणार. हरकत काही नाही माझी, वाचा पुढच्या रविवारी नावं, पण जरा मोठ्यानं वाचा, मागच्या बाकांवर ऐकू जात नाही. येते मी.