अण्वस्त्रं नसल्याची खबर

अरे, आमच्या सईने इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला, शाळांच्या वादविवाद स्पर्धेत काय धमाल केली, ऐक. प्रत्येकाने एकेका देशाची बाजू मांडायची; ती मेक्सिकोची प्रतिनिधी होती. करार असा, की मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या देशांनी अण्वस्त्रं ठेवायची नाहीत आणि दर सहा महिन्यांनी 'आमच्याकडे नाहीत' असं कळवायचं. समोरच्या पोराने विचारलं, "नाहीतच, तर कळवायचं कशाला?"

सईने प्रेक्षकांत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

मग ती तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "माझे बाबा रोज नागपूरला आजीला फोन करून सांगतात, सगळं ठीक आहे. एकदा विसरले, तर आजीने थेट त्यांच्या हॉस्पिटलला फोन लावला."

हॉल हसून लोटपोट. पहिला नंबर आमचा! नाचतच बाहेर आलो, तेवढ्यात हॉस्पिटलच्या ऑपरेटरचा फोन.

"डॉक्टर, तुमची आई परत लाइनवर आहे."