समोरची चाकं

हिंगणघाटच्या मोटार स्टँडवर दीड तास झाला तरी वर्ध्याच्या बसचा पत्ता नव्हता. नरहर मास्तर चांगलेच वैतागले होते. पण रांगेतल्या पुढच्या दोघांचं बोलणं कानी पडलं आणि बसवरचा राग ते विसरूनच गेले.

“नानाजी, तुम्ही सोसायटीच्या पिकअपचे ड्रायव्हर. अन् बसच्या रांगेत काऊन?”

“त्या गाडीचं नाव काढू नोको, बापूराव! चिखलासाठी जाड खाचायचे टायर घ्या म्हटलं, तं दोनच घेतले. ते बी समोरच्या चाकायले लावले.”

“मंग?”

“अरे, गाडीले जोर मांगचे चाकं देते! मीटिंगीत बोंबलून सांगतलं. तं अध्यक्ष म्हणते, ‘बंडीले बैल कुठं जुपतो? समोर. मंग जोर समोरच पाह्यजे.’ साऱ्यायनं त्यायच्याच बाजूनं हात वर केले.”

“अन् गाडी फसली?”

“काळ्या मातीत अर्धे चाकं गेले! मांगं गाडीत गावातल्या जिजाबाईच्या सुनेले कळा येऊन राह्यल्या. दवाखाना दोन कोस. लेकरू गाडीतच झालं.”

“जित्तं हाय ना?”

“हाय. त्याचं नशीब. मंग अध्यक्षानं सोताची बैलजोडी आणून समोर जुपली, तवा गाडी निंघाली.”

“चला, बरं झालं.”

“काय बरं झालं? साऱ्या गावासमोर माह्या पाठीवर थाप मारून म्हणते, ‘पाह्यलं, नानाजी? जोर समोरच लागते!’ गाडीची किल्ली तिथंच बैलाच्या शिंगाले अडकवली, अन् आलो निंघून.”