समासातली पेन्सिल

तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आजवर कुणाला बोललो नव्हतो. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी मुलगी ईरा, दोघंच. माझ्या बँकेतल्या नोकरीमुळे ती कोलकात्यातच वाढली. लॉच्या प्रवेशपरीक्षेला क्लास न लावता घरीच अभ्यास करायची. सराव पेपर ती पेन्सिलीने सोडवायची, संध्याकाळी मी तपासायचो. काही उत्तरांशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'घाई केलीस.' पोरगी स्वतःलाच बजावतेय, असं समजून मी सुखावायचो.

एक दिवस चहा पिताना म्हणाली, "बाबा, चुका दाखव, पण दर वेळी रागावून लिहू नको ना."

"मी फक्त बरोबर-चूक करतो. ते तर तू लिहितेस."

"मराठीत? मी वाचतेच कशीबशी. लिहिता कुठे येतं मला?"

मग तिने पुढचा, अजून न सोडवलेला पेपर उघडला. एकेचाळिसाव्या प्रश्नाशेजारी लिहिलेलं होतं, 'इथे उगाच वेळ घालवलास.'

मी म्हटलं, "तो प्रश्न सोडूनच दे."

तिने घड्याळ लावलं. चाळीस प्रश्न भराभर झाले. एकेचाळिसाव्याकडे मात्र ती नुसती बघत बसली, गजर होईपर्यंत.