कॅमेऱ्याला खिचडी

...आणि वर मलाच म्हणतात, पल्लवी, बॅग हलकी ठेव! हलकी? कशी ठेवू हलकी, तुम्हीच सांगा! आसेगावहून कारंजा, कारंज्याहून एसटीनं नागपूर, नागपूरहून विमानानं हैदराबाद, तेही जन्मात पहिल्यांदा. तीन दिवसांचं ट्रेनिंग, तिसऱ्या दिवशी परीक्षा. पास झाले तर कारंज्याची माती तपासायची लॅब माझ्या हातात, नापास झाले तर माझी बी.एस्सी. केमिस्ट्री पुन्हा चहातल्या साखरेपुरती... आणि घरी सव्वा वर्षाची साक्षी, जी माझ्यावाचून एक दिवस राहिलेली नाही. म्हणजे मी तिच्यावाचून राहिलेले नाही. आता कोण कोणावाचून, ते कळेलच तुम्हाला.

तर तुम्हाला सांगते, मी बॅग काढली की फोनला कुठून कळतं कोण जाणे, पण बातमी हजर! 'विमानात पॉवर बँकेनं पेट घेतला.' झालं! खाली नियम : मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची, विमानात वापरायची नाही, आणि तिच्यावरचा आकडा स्वच्छ वाचता आला पाहिजे. आमच्या पॉवर बँकेवरचा आकडा? तो साक्षीनं दात येताना चाटून चाटून पोटात घातलेला! आता वाचलं म्हटल्यावर सोडता येतं का? नवी मागवली. मग कागद घेऊन गुणाकार, वीस हजार गुणिले तीन पूर्णांक सात, भागिले हजार... चौऱ्याहत्तर वॅट-अवर. नियमानं शंभराच्या आत पाहिजे, आहे. तरी तीनदा केला. तिसऱ्यांदा सातशे चाळीस आलं, म्हणून चौथ्यांदा केला!

आमचे हे, म्हणजे सतीश, दारात उभे. "अवं, तू ट्रेनिंगले जाऊन राह्यली का मोबाईलचं दुकान टाकाले?"

दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी. 'विमानतळावरच्या चार्जिंगला फोन लावू नका, माहिती चोरीला जाते.' आता माझ्या फोनात चोरण्यासारखं आहे तरी काय? साक्षीचे चार हजार फोटो, त्यातले तीन हजार डोळे मिटलेले. चोराचाच दिवस वाया जायचा! पण वाचलं म्हटल्यावर सोडता येतं का? आपला चार्जर, चार्जर बिघडला तर दुसरा चार्जर, आणि भिंतीतलं भोक लांब असलं तर घरातल्या कूलरचा पाच मीटर वायरचा एक्स्टेंशन बोर्ड. सतीशनं तो बॅगेत पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अन् कूलर?"

तिसरी बातमी तर विचारूच नका. 'ही कामं आता यंत्रंच करणार!' सासूबाईंना म्हटलं, आई, मी शिकून येईपर्यंत माती तपासायलाही यंत्र आलं तर? आमच्या सासूबाई बेबीताई, बावीस वर्षं अंगणवाडी सेविका. रोज सकाळी हजेरीसाठी तीस पोरांचे चेहरे फोनमध्ये टिपतात, ॲप अडकलं की त्यालाही पोरांसारखंच दटावतात, आणि ते चालतं! त्या निवडायला घेतलेल्या तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, "यंत्र चिखल तुडवत वावरात जाते का? नाई ना? मंग जाय तू."

पण मी कसली ऐकते! मी कॅमेरा आणला. मुलांवर लक्ष ठेवायचा. पांढरा, पेरूएवढा, मान फिरवतो, आपण कुठूनही फोनवर पाहायचं, शिवाय तिकडून बोलायचंही! फळीवर बसवला. बेबीताईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं बेबीताईंकडे मान वळवली.

"माह्यावर नजर ठेवाले आनला का वं हा?"

"नाही हो आई! साक्षीवर."

"अन् साक्षी कोनाजवळ राहीन?"

मी कॅमेऱ्याची मान साक्षीकडे वळवली. तो पुन्हा आईंकडे!

म्हटलं, एक रंगीत तालीम घेऊ. रविवारी मी खोटीखोटी निघाले, कारंज्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसले आणि फोन उघडला. लेक काय करत असेल? रडत असेल, दाराला लटकली असेल... छे! टाळ्या पिटत होती! खिदळत होती! मला आनंद व्हायला हवा होता की नाही? झाला नाही. असला राग आला! म्हटलं नुसती हाक मारते, आणि बटण दाबलं, "साक्षीऽऽ, बाळाऽऽ!"

तिनं दाराकडे पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. मग वर, थेट कॅमेऱ्याकडे... आणि जो भोंगा पसरला! इकडे मी भर स्टँडवर ओरडतेय, "रडू नको, आई इथंच आहे!" शेजारची एक आजी पिशवी सावरत म्हणते, "पोरगी घरी, तू इथं... मंग रडून कोन राह्यलं वं बाई?"

तेवढ्यात बेबीताईंनी कॅमेरा फळीवरून उचलला, साक्षीच्या ताटलीसमोर ठेवला. "हे पाय, आई ह्याच्यात बसली हाये. भुकेली हाये थे. एक घास साक्षीचा, एक घास आईचा." रडणं बंद! आणि माझ्या फोनवर आधी एक अंगठा आला, मग एक शीत, मग सगळं पिवळं. नुसता आवाज, "आ... आ..."

निघायच्या दिवशी बेबीताईंनी तो कॅमेरा वरवर पुसून माझ्याच बॅगेत टाकला. "ठेव तुयाजवळ. इथं मी हावो. तुलेच पाहाले लागन कोनी."

आता विमानतळावर तपासणीच्या बाई सगळं बाहेर काढा म्हणाल्या. ट्रेमध्ये पॉवर बँक, दोन चार्जर, कूलरचा बोर्ड, आणि तो पेरू. बाईंनी तो फिरवून पाहिला. "ये क्या है?" कॅमेरा. "और ये पीला?" म्हटलं, मूगदाल खिचडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "कितने महीने का है?" बास! एवढी वाचलेली बातमी, एवढे गुणाकार, पॉवर बँकेकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही!

गेटजवळ बसून घरी व्हिडिओ कॉल लावला. साक्षीनं मला पाहिलं. रडली नाही. मीही नाही, म्हणजे फारशी नाही. ती दुडूदुडू गेली, ताटलीतून मूठ भरून आली, फोनसमोर उभी राहिली... "आ..." पुन्हा सगळं पिवळं!

परीक्षेचं काय होईल ते होवो, मला एकदम वाटलं, जमेल. पण पडद्याआडून ती "आ... आ..." थांबेना, इकडे विमानाची रांग लागलेली, शेजारचे साहेब टक लावून पाहतायत... आणि मी, बी.एस्सी. केमिस्ट्री, भर विमानतळावर पिवळ्या फोनसमोर हा एवढा मोठा आ वासून बसले. साहेबांनी हळूच बॅग उचलून दोन खुर्च्या पलीकडे नेली.

नेऊ द्या! लेकीनं भरवलं म्हटल्यावर सोडता येतं का?