चाँदभाईंचा हात

—न्हाई न्हाई, काचेवर नगा ठेवू, हितं ह्या कापडावर ठेवा. तिन्ही ठेवा. आमचे हे दुपारच्या नमाजाला गेलेत, तितनं भिवाजीच्या हॉटेलात चहा, मग येतील — बसा की तोवर, स्टूल हाय. गाडी सावलीला लावलीया न्हवं? मग झालं तर. तुमी म्हंजे कोळवणला वरच्या अंगाला बंगला बांधलाय, ते ना? वळखलं मी. तुमचं भिंतीवरचं घड्याळ आलं व्हतं मागं, टोल पडत नव्हता. मी पुढं बसत न्हाई, पण आवाज कळतो माणसाचा — मदी पडदाच तर हाय. आज ते पौडातच हायेत, लांब न्हाई गेले, म्हणून जरा दुकानात बसलीया.

भावानं आणलीत? परदेशातनं? तीन-तीन! आन् यातलं एक तुमी ठेवणार, बाकीची तो घेऊन जाणार. कोणतं ठेवावं, असं इचारताय व्हय? ते ह्यांना इचारा, चाँदभाईंना, मी काय बाईमाणूस — बरं, बगते. बगायला काय जातंय. आणा.

या अल्ला, काय जड हाय ह्ये! वाण्याच्या तागडीतलं माप उचलल्यावानी वाटतंय. ह्ये वरचं कडं फिरतं का? ऐका — कट, कट, कट — एकाच अंगाला फिरतंय, उलटं न्हाई जात. बुडी मारणाऱ्यांचं, असं? खाली किती वेळ झाला ते कळाया. मग उलटं फिरलं तर माणूस फसायचा, बरोबर हाय. आन् चावी बगा, ओढून न्हाई निघत, आटे हायेत तिला, बाटलीच्या झाकणावानी पिळून बसवायची. थांबा, ओंजळीत धरते, अंधार करते — बगा, ह्या फटीतनं बगा — काजवे बसल्यावानी दिसतंय. चांगलं हाय. पण सदऱ्याच्या बाहीत जाणार न्हाई ह्ये, बटण लावताना रोज चिडाल तुमी.

आन् ह्ये? मोटारींच्या शर्यतीतलं? एका पोटात तीन बारकी घड्याळं! दाबू का बटण? — ह्ये दाबलं की लांब काटा पळाला, परत दाबलं की थांबला, आन् खालचं दाबलं की — टुणकन — बाराला जाऊन बसला. मजा हाय. बटण जरा कडक हाय, नव्या ट्रंकेच्या कडीवानी, वापरून मऊ पडंल. पण खरं सांगू का, एवढे काटे बगून वेळच सापडत न्हाई. किती वाजले म्हणून बगायचं, तर आदी शोधायचं कुटला काटा कशाचा. कडेचे आकडे कशाचे, मला इचारू नगा. तुमी शर्यत लावता का कुटं? न्हाई ना? कोळवणच्या रस्त्याला गाडी चालती तेच लई.

ह्ये तिसरं... ह्ये येगळंच हाय. आठ कोनाचं. आन् स्क्रू बगा, वरच्या अंगाला उघडेच ठेवलेत — लोक लपवत्यात, ह्यांनी मिरवलेत. पट्टा आन् घड्याळ येगळं न्हाईच, एकाच पोलादातनं निघाल्यावानी. हातावर सोडलं की सरळ पाण्यासारखं पडतंय. कडंला घासून चकचकीत, मदी दोऱ्यावानी रेघा — बोट फिरवून बगा, कुटं टोचत न्हाई. कुणी केलं असंल बगा बसून! सोन्याचं न्हाई, तरी सोन्यापरीस भाव खातंय. पण असलं घड्याळ उघडायचं म्हंजे जीव जाईल माझा — म्हंजे ह्यांचा. ह्यांचा जीव जाईल. उघडणार तेच ना.

काय बगताय? बोटं? घड्याळ असंच धरत्यात कडंनं, काचेला ठसा लागू नये म्हणून. इतकी वर्सं ह्यांच्या शेजारी बसून चिमटा दे, भिंग दे, तेवढं करून एवढं तरी येणारच की.

मला इचारताय तर पहिलं ठेवा. हितल्या हवेसाठी म्हणते. आमच्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या कपड्याला बुरा येतो, तितं घड्याळाचं काय! दिसायला तिसरं, न्हाई म्हणत न्हाई मी, पण पाणी शिरल्यावर काय व्हतं ते मी पाह्यलंय. उरवड्याच्या कारखान्यातले एक मॅनेजर हायेत, त्यांचं असंच नवंकोरं, खेळाडू लोक घालत्यात तसलं. धरणावर पोहायला गेले आन् चावी पिळायची इसरले. घड्याळाची काय चूक त्यात? काचेच्या आतनं धुकं. घेऊन आले ह्यांच्याकडं. पुण्याला न्हाई दिलं, हितं आणलं — चाँदभाईंचा हात म्हणून. तवा ह्यांचा हात...

जाऊ द्या. चहा सांगू का? नगं? उन्हाचं आलायत — बरं.

हात कापायचा हो ह्यांचा. आमच्या सुलतानाच्या लग्नापासनं सुरू झालं. पाव्हण्यांत बसले व्हते, आन् कप बशीवर खडखड वाजाया लागला. लोक म्हणले लेक सासरी चाललीया, बापाचं मन हाय. मलाबी तसंच वाटलं. पण लेक गेली, हात काय थांबला न्हाई. उजवाच. पुण्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आन् म्हणला, ह्ये राहणार, वाढंल हळूहळू. शेताचं काम असतं तर चाललं असतं हो. नांगर धरायला थोडं कापलं तर काय व्हतंय? पण ह्यांचं काम केसाएवढ्या कमानीचं, घड्याळातल्या स्प्रिंगचं. हे मांडीखाली हात दाबून बसायचे. जेवताना डाव्या हातानं घास घेता येतोय व्हय? मग मी भाकरी कुस्करून द्यायची, दुधात — म्हंजे चमच्यानं खाता येतंय. कुणी आलं घरात तर म्हणायचे, दात दुखतोय.

तर त्या मॅनेजरचं घड्याळ. झाकण उघडलं ह्यांनी, पाणी टिपलं, मला वाटलं जमलं आज. आन् मग चिमट्याचं टोक कमानीला लागलं. एवढंच. लागलं आन् ती आवळलेली बारीक कमानी अशी इस्कटली — कोंबडीनं उकरल्यावानी. मी पाह्यलं. ह्यांनी पाह्यलं. घामानं सदरा भिजला ह्यांचा, चिमटा खाली ठेवायचा म्हणला तर ठेवता येईना, हातातच वाजतोय. मी म्हणले, द्या इकडं. दुसऱ्या येळंला वरडले असते माझ्यावर — दुकानातल्या वस्तूला मी आपनहून हात लावलेला खपायचा न्हाई त्यांना. त्या दिवशी भिंग काढलं डोळ्याचं आन् तोंड फिरवून बसले. म्हणले, "फहमिदा, मोडलं तर मोडलं म्हणून सांगू. पण मला बगायला लावू नगंस."

मी केलं. कसं केलं ते मला इचाराल तर सांगता यायचं न्हाई. श्वास धरायचा, टोक लावायचं, श्वास सोडायचा, परत धरायचा. मान अशी झाली व्हती, दगडावानी. आन् चाललं हो! टिक टिक कानाला लागलं तवा मी ह्यांच्या कानाला नेऊन लावलं. डोळे मिटून ऐकत बसले लई येळ. मला वाटलं शाबास म्हणतील. म्हणले, "भाकरी कर."

मॅनेजर आले, घातलं, ह्यांच्या पाठीवर थाप मारली — "चाँदभाई, हात म्हंजे तुमचाच!" मी पडद्यामागं. ह्यांचा हात गादीखाली. आन् हे हसले. तसं हसणं मी कधी पाह्यलं न्हाई ह्यांचं आन् परत बगायचंबी न्हाई मला.

तवापासनं असंच चाललंय. तुमी शहाणी माणसं, तुमच्यापासनं काय लपवायचं — आता बोललेच हाय तर. हे पुढं बसत्यात, घड्याळ कानाला लावत्यात, काय बिघडलंय ते सांगत्यात — कान अजून पक्का हाय, एकदम पक्का — आन् मी आत बसून करते. माणूस म्हणला समोरच करा, थांबतो मी, तर हे म्हणायचे, आता उजेड न्हाई, उद्या या. टळटळीत दुपारी! लोकबी ऐकत्यात. मोठ्या माणसाची मर्जी म्हणत्यात.

दमले हो मी. कामानं न्हाई. काम आवडतं मला, खोटं कशाला बोलू; घड्याळ उघडलं की माझं डोकं गप व्हतं. पण ह्ये संभाळणं. बोटाला तेलाचा वास येतो म्हणून लग्नाकार्यात हात मागं घेऊन बसायचं. शेजारच्या लीलाबाई म्हणत्यात, तुझं बरंय फहमिदा, मालक राबतोय आन् तू दुपारभर पडदा ओढून झोपतीस. व्हय म्हणायचं. हसायचं. डोळ्यातनं पाणी गळतं भिंगानं, तर सुलताना आली की इचारती, अम्मी, रडलीस का? पोरीलाबी सांगितलं न्हाई. ह्यांचं नाव हाय हो पौडात, ह्यांच्या बापानं टाकलेलं दुकान, गल्लीच्या तोंडाशी कुणालाबी इचारा. एवढं एकच राह्यलंय त्यांच्यापाशी. ते मी काढून घेऊ व्हय? एकदा म्हणले मी ह्यांना, सांगून टाकूया का. तर आठवडाभर बोलले न्हाईत माझ्याशी. घड्याळं द्यायची तीबी अशी पडद्याखालनं सरकवायची, ताट सरकवल्यावानी. मग मी परत नाव न्हाई काढलं. म्हणून म्हणते साहेब, मी बोलले ते हितंच सोडून जा. ते आले की तुमी आपलं त्यांनाच इचारा, चाँदभाई, कोणतं ठेवू? ते कानाला लावतील, सांगतील, तुमी व्हय म्हणा. शपथ हाय तुमाला.

हसताय का?

काय म्हणालात?

कुणी पाठवलं तुमाला? ह्यांनी? आत्ता? भिवाजीच्या हॉटेलातनं?

काय म्हणले? न्हाई, तसं न्हाई, शब्द सांगा, जसे म्हणले तसे सांगा. "घड्याळाचं काय असंल ते घरात इचारा"... पुढं? पुढं काय? "माझा हात गेला आता. दोन वर्सं झाली, पौडातली समदी घड्याळं तीच करतीया."

मोठ्यानं म्हणले? कोण कोण व्हतं? भिवाजी व्हता? बाकावर उरवड्याची माणसं बी? कुणी हसलं का? — न्हाई? कुणीच न्हाई?

आन् हात कुटं व्हता त्यांचा? मांडीखाली? ...टेबलावर. कापत व्हता? आन् तसाच ठेवला व्हता, समद्यांम्होरं?

मला सांगायचं व्हतं ना आदी. घरातनं निघताना म्हणले, टोपी दे. टोपी दिली. एवढंच बोलले हो. टोपी दे. एवढी वर्सं मी... आन् चहा पिता पिता, परक्या माणसाला...

न्हाई, रडत न्हाई मी. भिंगाचं हाय ते.

घड्याळं उचला साहेब. तिन्ही उचला. कोणतं ठेवायचं ते उद्या बगू, उद्या या, मी हितंच हाय, पुढं. आज न्हाई. आज जावा तुमी — ते बगा, ते आलेत गल्लीच्या तोंडाशी. उठा. जावा म्हणते ना.